शेजारचं घर बँकेनं सील केलंय, आता माझ्या घराचा दर पडणार का? (अनगोळ, बेळगाव)

उद्यमबाग टर्नर (अनगोळ)

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर उभं राहून आता घरी बसलोय. अनगोळात ३०×४० च्या साईटवर घर आहे. खालचं १९९८ ला बांधलं, २००९ ला वर स्लॅब चढवला. मुलगा पुण्यात, मुलगी खानापुरात दिलेली. आमच्या मंडळींचे दोन्ही गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. म्हणून घर विकून लिफ्ट असलेला छोटा फ्लॅट घ्यायचा आणि उरलेले दोन्ही पोरांना सारखे वाटायचे, असं ठरवलंय.

मी ६८ लाख सांगितले होते. गेल्या वर्षी समोरच्या ओळीतलं याच मापाचं घर ७० ला गेलंय, म्हणून. महिन्याखाली एजंटानं हिंडलग्याचं एक गिऱ्हाईक आणलं. त्यांना घर आवडलं. बोअरचं पाणी चाखून बघितलं, गच्चीवर जाऊन आले, त्यांच्या मंडळींनी स्वयंपाकघराचा ओटा मोजून घेतला. जाताना मात्र त्यांची नजर शेजारच्या गेटावर गेली. साखळी, मोठं कुलूप आणि भिंतीवर डकवलेला बँकेचा कागद.

दुसऱ्या दिवशी एजंटाचा फोन: "मामा, ५० वर आलेत. मागच्या बोळातलं घर बँकेच्या लिलावात ४४ ला गेलंय, हे त्यांना कळलंय. आता हे शेजारचंही निघणार. तुम्ही ६८ कुठले धरून बसलायसा?"

एका कागदापायी अठरा लाख? रात्रभर डोळा लागला नाही.

शेजाऱ्याबद्दलही सांगतो, कारण तो मला परका नाही. सात वर्षं आम्ही एकाच शेडमध्ये होतो. मग त्यानं घर तारण ठेवून दोन लेथ घेतल्या आणि स्वतःचं वर्कशॉप काढलं. दोन वर्षं बरं चाललं. पुढं एका मोठ्या गिऱ्हाइकानं काम बंद केलं आणि हप्ते थकले. पहिली नोटीस आली तेव्हा वहिनी ती घेऊन आमच्याकडेच आल्या. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मला कन्नड बोलता येतं, पण वाचता येतं ते बसच्या पाटीपुरतं. आम्ही दोघांनी कागद उलटसुलट करून बघितला, रक्कम तेवढी कळली. ऐन दिवाळी झाल्यावर बँकेची माणसं पोलीस घेऊन आली. सामान बाहेर, घराला सील. आता त्यांच्या अंगणात गवत माजलंय, शेवग्याची फांदी मोडून आमच्या पत्र्यावर आलीय, रात्री कुत्री आत शिरतात. त्यांची तुळस मात्र जगलीय. आमच्या मंडळी कंपाउंडवरून पाइप सोडून तिला पाणी घालतात.

मला विचारायचंय ते असं. लिलाव झाला की आमच्या गल्लीचा दर खरंच पडतो का? पडत असेल तर आत्ताच ५० ला देऊन मोकळं व्हावं की थांबावं? कुणी म्हणतं, ते घर लिलावात तूच घे, स्वस्तात मिळेल. पण त्याच्या घरावर बोली लावायला माझा हात उचलणार नाही.

निपाणीकर

मामा, थांबू नका. एकदा लिलाव सुरू झाले की गल्लीत रांग लागते. ५० मिळतात ते घ्या. उद्या शेजारचं ४० ला गेलं तर तुम्हाला ४५ पण कोण देणार नाही.

वसुली विभाग, निवृत्त (टिळकवाडी)

निपाणीकरांचा सल्ला मानू नका. बँकेत माझी शेवटची अकरा वर्षं वसुलीत गेली. असली कुलपं मी स्वतः उभं राहून लावली आहेत, त्यामुळे त्यामागे काय चालतं ते नीट सांगू शकतो.

आधी एक गैरसमज. "घर बँकेचं झालं" असं सगळे म्हणतात, पण ते तसं नसतं. तीन महिने, म्हणजे ९० दिवस, हप्ता आला नाही की खातं थकीत धरतात. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (बँकांना तारण विकून थकीत कर्ज वसूल करू देणारा कायदा) ६० दिवसांची मागणी नोटीस जाते. तरी पैसे आले नाहीत तर बँक ताबा घेते. आधी कागदोपत्री, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन प्रत्यक्ष. इथपर्यंत सगळं झालं तरी उताऱ्यावर मालक तुमचा शेजारीच राहतो. बँकेकडे असतो तो ताबा आणि विकण्याचा अधिकार. विक्री होऊन दाखला निघेपर्यंत मालकी हलत नाही. आणि बँकेचं येणं, व्याज, खर्च वजा जाऊन जे उरेल ते कायद्यानं मालकालाच परत द्यावं लागतं. बऱ्याच कर्जदारांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आता दर. लिलावाची राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली बोली चालत नाही ती, मान्यताप्राप्त मूल्यांकनकार अहवाल देतो त्यावरून ठरते. त्या अहवालात बहुतेक वेळा तीन आकडे असतात: बाजारभाव, हाती येईल अशी किंमत आणि घाईच्या विक्रीची किंमत. पहिल्या खेपेला बोली आली नाही की बँक राखीव किंमत खाली आणते. मागच्या बोळातले ४४ लाख म्हणजे त्या तिसऱ्या आकड्याच्या जवळपास काहीतरी असणार. तो गल्लीचा दर नव्हे. बँकेला वाट बघायची नव्हती, आणि घेणारा अनेक जोखमी अंगावर घेत होता, त्याची ती किंमत आहे. तुमचं घर मोकळं आहे, उतारा साफ आहे, रहिवासी घरात आहेत, आत जाऊन बघता येतं. या दोन घरांची तुलना एजंट करतो, कारण व्यवहार लवकर झाला की त्याचं कमिशन लवकर सुटतं.

आणखी एक. तुमच्या गिऱ्हाइकाला घरकर्ज काढायचं असेल तर त्याच्या बँकेचा मूल्यांकनकार आसपासच्या नोंदलेल्या विक्र्या बघतो. जाणता माणूस लिलावाचा आकडा बाजूला ठेवतो, पण सगळेच जाणते नसतात. समोरच्या ओळीतल्या ७० लाखांच्या खरेदीखताची नक्कल सबरजिस्ट्रार कचेरीतून काढून फाइलला लावा. तोंडी सांगण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा. सरकारी गाइडन्स व्हॅल्यूचं (मुद्रांकासाठी सरकारनं ठरवलेल्या किमान किमतीचं) म्हणाल तर ती एखाद्या लिलावानं खाली येत नाही. राज्यभर ती १ ऑक्टोबर २०२३ पासून वाढवली आहे, आणि मुद्रांक त्या किमतीवर किंवा व्यवहाराच्या रकमेवर, जी जास्त असेल तिच्यावर भरावा लागतो.

लिलावाची जाहिरात आलीय का, एवढं सांगा. भिंतीवरच्या कागदावर तारीख आणि राखीव किंमत आहे, की फक्त ताबा घेतल्याचं लिहिलंय?

उद्यमबाग टर्नर

साहेब, आत्ताच नातवाकडून वाचून घेतलं. फक्त ताब्याचं आहे. किंमत नाही, लिलावाची तारीख नाही.

शहापूरची बाई

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. हा प्रश्न अमेरिकेत फार बारकाईनं अभ्यासला गेलाय, कारण २००८ च्या आसपास तिथं गल्लोगल्ली अशी घरं होती. तिथं लिलावात कुणी घेतलं नाही की घर खरोखर बँकेच्या नावावर होतं आणि महिनोन्‌महिने रिकामं पडून राहतं. आपल्याकडे तसं सहसा होत नाही, तेव्हा तिथले आकडे जसेच्या तसे इकडे लावू नका.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वीसेक वर्षांच्या घरविक्र्या तपासून तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये निष्कर्ष छापले. जप्तीचं घर स्वतः सरासरी २७ टक्के कमी किमतीला जातं. पण शेजारच्या घरावरचा परिणाम? साधारण ८० मीटर अंतरावर एक जप्ती झाली तर दर घटतो सुमारे १ टक्का. तुमच्या ६८ लाखांवर १ टक्का म्हणजे ६८ हजार. एजंट अठरा लाख कमी करायला सांगतोय.

नंतरच्या एका अभ्यासात याहून कामाची गोष्ट निघाली. शेजाऱ्यांना सगळ्यात जास्त फटका लिलावानंतर बसत नाही, जप्तीची प्रक्रिया पुरी होण्याआधी बसतो. मालकाचे हप्ते थकलेले असतात, घराकडे कुणी बघत नाही, तेव्हा. बँकेनं नव्या मालकाला विकल्यावर सुमारे वर्षभरात तो परिणाम शून्यावर येतो. आणि घर चांगल्या अवस्थेत असेल तर शेजारच्या किमतींवर वाईट परिणाम दिसतच नाही. म्हणजे जप्तीचा शिक्का तेवढा बोचत नाही, जेवढं माजलेलं गवत आणि मोडकं गेट बोचतं. तुमच्या गिऱ्हाइकानं आधी काय पाहिलं, आठवा.

तुमच्या मंडळींनी त्या तुळशीला पाणी घालणं सोडू नये. हे मी मनापासून लिहितेय.

मागच्या बोळातला

बराच वेळ नुसतं वाचत होतो, पण आता लिहायलाच पाहिजे. ते ४४ लाखांचं घर मीच घेतलंय.

सगळे म्हणतात, लॉटरी लागली. ऐका मग. पहिल्या लिलावात राखीव किंमत ५२ होती, कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा ४३.५० ठेवली. मी एकच टप्पा वाढवला आणि माझ्यावर पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक चतुर्थांश भरायचे होते, अनामत त्यातच धरून. बाकीचे पंधरा दिवसांत. पंधरा दिवसांत कुठली बँक कर्ज देते? अर्ज करून मुदत वाढवून घेता येते हे मला नंतर कळलं. बायकोचे दागिने ठेवले, गावाकडची म्हस विकली, मेहुण्याकडून सहा लाख आणले.

मग "जसे आहे, जेथे आहे" याचा अर्थ कळला. सहा वर्षांची घरपट्टी बाकी. पाण्याचं बिल बाकी. हेस्कॉमनं (वीज कंपनीनं) मीटर काढून नेलेला, नव्या कनेक्शनला गेलो तर जुनी थकबाकी भरा म्हणाले. वकिलाला विचारलं तर सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये असं मागता येतं म्हणून सांगितलंय. भरली. आतले स्विचबोर्ड, नळ, सिंकसुद्धा कोणी काढून नेलेलं. गच्चीला गळती. ई-खाता, म्हणजे मालमत्तेची सरकारी नोंद, माझ्या नावावर व्हायला सात महिने लागले. सगळा हिशोब वहीत आहे: आजपर्यंत ५३ लाख ८० हजार, आणि अजून रंग व्हायचाय.

तेव्हा मामा, ४४ चा आकडा तुमच्यापुढं कोण टाकत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. वही दाखवतो.

वडगावचा मागवाला

नमस्कार. माझं घर लिलावात गेलंय. चार यंत्रमाग होते, सूत महागलं, साडीला उठाव नव्हता, सगळं एका वर्षात बसलं. त्यामुळे टर्नरमामांच्या शेजाऱ्याच्या मनात आत्ता काय चाललंय ते मला चांगलं कळतं.

माणूस तोंड लपवतो. बँकेचा फोन उचलत नाही, शाखेच्या बाजूनं जात नाही, नातेवाइकांच्या लग्नाला जात नाही. नोटीस आली की ट्रंकेत ठेवतो. मीही तेच केलं. माझ्या घराला बाहेर एका गिऱ्हाइकानं ३९ लाख देऊ केले होते, पण मी म्हटलं, आता बँकेनं कुलूप लावलंय, आपला काय अधिकार? लिलावात ते २९ ला गेलं. बँकेचं येणं २६ होतं. हाती तीन लाख आले, तेही वर्षानं, अर्ज करकरून. ३९ ला विकलं असतं तर तेरा लाख घेऊन मी दोन माग पुन्हा उभे केले असते. पोरीचं डिप्लोमा थांबलं नसतं. हे लिहितानाही छातीत कळ येते.

मामा, तुम्ही दराची काळजी करताय, ती बरोबरच आहे. पण तुमचा दर आणि त्याचं नशीब आता एकाच दोरीला बांधलंय. त्याचं घर त्यानं स्वतः चांगल्या दरानं विकलं तर गल्लीत लिलावाचा आकडा पडणारच नाही. त्याला जाऊन भेटा. त्याला हे कोणीतरी सांगायला पाहिजे, आणि बँकेच्या माणसाकडून तो ऐकून घेणार नाही.

वसुली विभाग, निवृत्त (टिळकवाडी)

मागवाल्या दादांनी मुद्द्यालाच हात घातला. मला हे आधी लिहायला हवं होतं.

नोटीस निघाल्यावर कर्जदाराला परस्पर घर विकता येत नाही, पण बँकेची लेखी संमती घेऊन विकता येतं. कायद्यात तशी सोय आहे, कलम १३ चं पोटकलम १३. शेजाऱ्यानं गिऱ्हाईक आणायचं, किंमत ठरवायची आणि शाखेला अर्ज द्यायचा. घेणारा बँकेचं येणं थेट कर्जखात्यात भरतो, बाकीचे शेजाऱ्याला देतो. बँक मूळ कागद आणि ना हरकत दाखला देते, मग सबरजिस्ट्रारकडे साधं खरेदीखत होतं. घेणाऱ्यालाही बरं, त्याला घरकर्ज काढता येतं. बँकेलाही बरं, कारण लिलावाची जाहिरात, वकील, पहारेकरी, सगळा खर्च वाचतो. मी नोकरीत असताना असे अर्ज आले की आम्हाला सुटल्यासारखं वाटायचं. येतच कमी.

याला मुदत आहे, ती नीट समजून घ्या. येणं चुकतं करून घर सोडवून घ्यायचा कर्जदाराचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच चालतो. कायद्यात २०१६ ला ही दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ती तशीच धरली. जाहिरात छापून आली की पैसे घेऊन उभं राहिलात तरी बँकेवर बंधन राहत नाही. तुमच्या भिंतीवर अजून फक्त ताब्याचा कागद आहे, म्हणजे दार उघडं आहे. किती दिवस, ते बँकेच्या हातात. आज-उद्यात जा.

बँकेनं ताबा घेताना काही चूक केली असं त्याला वाटत असेल तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. पण आपल्याला ते बेंगळुरूला आहे आणि त्याचे ४५ दिवस बहुधा उलटून गेलेत. त्या वाटेला लावू नका.

चंदगडवाला

आमच्याकडे एका बँकेनं शेतावर नोटीस लावलीय, तिथं पण हेच का?

वसुली विभाग, निवृत्त (टिळकवाडी)

शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. सातबारा आणि नोटीस घेऊन वकिलाकडे जा. पतसंस्था असेल तर तिचा मार्ग वेगळा असतो. सहकारी बँक मात्र या कायद्याखाली येते. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं तसा निकाल दिलाय, आणि तो खटला आपल्या शेजारच्या मुरगुडातल्या सहकारी बँकेचाच होता.

उद्यमबाग टर्नर

मंडळी, रविवारी मच्छेला जाऊन आलो. दोन खोल्यांत भाड्यानं राहतात. तो दुसऱ्याच्या शेडमध्ये रात्रपाळी करतो. मला दारात बघून आधी आतच गेला. वहिनींनी चहा केला, मग बाहेर येऊन बसला. त्याला वाटत होतं घर गेलंच. विकायचा हक्क अजून आहे म्हटल्यावर त्यानं मला तीनदा विचारलं, "कोण म्हणालं?" तुमचे सगळ्यांचे मेसेज फोनवर वाचून दाखवले. मागवाल्या दादांचं ऐकताना वहिनींनी पदर डोळ्याला लावला.

बँकेचं येणं ३४ लाखांच्या आसपास आहे. घर माझ्यासारखंच, फक्त वरचा मजला अर्धा. ५५ ला जरी गेलं तरी वीसेक लाख त्याच्या हातात राहतात.

मंगळवारी आम्ही दोघे शाखेत गेलो. मॅनेजर बाई धारवाडकडच्या, कन्नडच बोलत होत्या, पण नीट ऐकून घेतलं. अर्ज द्या म्हणाल्या. अंगण साफ करायचीही परवानगी मागितली. शुक्रवारी त्यांचा माणूस गेट उघडून दोन तास उभा राहिला. आम्ही चौघांनी गवत काढलं, शेवगा छाटला, पत्रा सरळ केला. गेटाला मी माझ्याकडचाच काळा रंग मारला. मागच्या बोळातले दादा फावडं घेऊन आले होते, त्यांची वहीही बघितली.

एजंटाला सांगितलंय, ५० ला देणार नाही. ७० च्या खरेदीखताची नक्कल काढायला दिलीय. हिंडलग्याच्या गिऱ्हाइकाला पुन्हा एकदा बघायला बोलावलंय, आणि दोन्ही घरं दाखवणार आहे. त्यांचा एक भाऊ पण घर शोधतोय म्हणे.

साहेब, एक अडलंय. त्याच्या कर्जाला मेहुणा जामीन आहे आणि दोघांचं बोलणं बंद आहे. अर्जावर मेहुण्याची सही लागेल का?

वसुली विभाग, निवृत्त (टिळकवाडी)

घर कुणाच्या नावावर आहे त्याची सही आधी लागेल. वहिनींचं नाव कर्जात असेल तर त्यांचीही. जामीनदाराची सही घेतली तर शाखा पुढं अडत नाही. मेहुण्याला एवढंच सांगा की घर असं विकलं गेलं तर त्याचीही जामिनकी सुटते. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शाखेचा तारखेसह शिक्का घेऊन घरी ठेवा. कन्नडमधून लिहून हवा असेल तर बुधवारी संध्याकाळी या, मी लिहून देतो.